गाडीतलं हाय व्होल्टेज खरंच बंद झालंय का? हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडी कामाला घेण्याची रीत, टप्प्याटप्प्यानं

नाशिकमधले अंबड-सातपूरचे शेड असोत, द्वारका आणि मुंबई नाक्याजवळची गॅरेजं असोत की पाथर्डी फाट्याकडचे डेंटिंग-पेंटिंगवाले, सगळ्यांच्या दारात आता हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. बहुतेक वेळा काम हाय व्होल्टेजचं नसतंच. एसीचा गॅस कमी झालेला असतो, बंपर ठोकलेला असतो, नाहीतर सस्पेन्शन वाजत असतं. पण त्या कामाच्या वाटेत कुठेतरी हाय व्होल्टेजची केशरी केबल आडवी येते आणि घोटाळा तिथे होतो.

घोटाळा जवळपास सगळीकडे एकच. बारा व्होल्टच्या बॅटरीचा मायनस काढला, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरी पॅकचं सर्किट तोडणारा, हातानं काढायचा प्लग) ओढला आणि लगेच पाना लावला. प्लग हातात आला म्हणजे गाडी डेड झाली, असं धरून चालतात. तसं धरू नका. इन्व्हर्टरच्या (पॅकचं डीसी मोटरसाठी एसी करणारा डबा) टर्मिनलवर मीटर शून्य दाखवतोय आणि तो मीटर खरं सांगतोय हेही तपासलंय, एवढं झालं की मगच गाडी डेड. या लेखातली सगळी पावलं तिथपर्यंत सुरक्षित पोचण्यासाठी आहेत.

दोन गोष्टी आधीच सांगतो. प्रत्येक मॉडेलचा क्रम थोडा वेगळा असतो, त्यामुळे कंपनीचं रिपेअर मॅन्युअल या लेखाच्या वर आहे. आणि बॅटरी पॅकचं झाकण उघडणं हे काम इथे येत नाही. प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कामापुरती माहिती

डीसी ६० व्होल्टच्या वर आणि एसी ३० व्होल्टच्या वर गेलं की गाडीच्या भाषेत ते हाय व्होल्टेज. टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत पॅक ३०० व्होल्टच्या पुढे असतो. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किआ ईव्ही६ या गाड्या ८०० व्होल्टच्या वर्गातल्या. हायब्रिडचा पॅक लहान दिसला तरी फसू नका. टोयोटाच्या अनेक हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरच्या आत बूस्ट कन्व्हर्टर असतो आणि तो पॅकचं व्होल्टेज ६०० च्या आसपास नेतो.

पॅकचे प्लस आणि मायनस दोन्ही बॉडीपासून तुटक असतात. घरातल्या लाइनसारखा इथे अर्थकडे परतीचा रस्ता नाही. म्हणून एका केबलचं इन्सुलेशन गेलं तरी लगेच काही घडत नाही, फक्त डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याच वेळी तुमचा हात दुसऱ्या टोकाला लागला तर सर्किट पूर्ण होतं, तुमच्या अंगातून. तो दिवा लागलेली गाडी ‘चालतेय ना, मग चालू दे’ म्हणून परत पाठवणं फार वाईट.

पॅकमधून बाहेर जाणारं व्होल्टेज कॉन्टॅक्टर नावाचे मोठे रिले जोडतात आणि तोडतात. त्यांच्या कॉइलला बारा व्होल्ट लागतात, म्हणून बारा व्होल्ट काढले की ते उघडायला हवेत. ‘हवेत’ असं म्हणतोय, कारण कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटूही शकतात. शिवाय इन्व्हर्टरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. पॅकची जोड तुटल्यावरही ते काही मिनिटं भरलेले राहू शकतात.

टप्पा १: गाडी कोणती आणि काम कोणतं

‘हायब्रिड’ या शब्दावर जाऊ नका. मारुतीच्या सिआझ-अर्टिगावर लागलेला स्मार्ट हायब्रिडचा बॅज बारा व्होल्टच्या सिस्टिमचा आहे. त्यात केशरी केबल नाही. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये आणि इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये मात्र पूर्ण हाय व्होल्टेज आहे. बॉनेट उघडून केशरी केबल आणि विजेच्या चिन्हाची पिवळी लेबलं शोधा. सर्व्हिस प्लग कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. मागच्या सीटखाली, डिकीत, सेंटर कन्सोलखाली, कुठेही असू शकतो. काही नव्या गाड्यांत हाय व्होल्टेजचा प्लगच नसतो, फक्त लो व्होल्टेजचा एक कनेक्टर काढायचा असतो. अशा गाडीत सगळी भिस्त कॉन्टॅक्टरवर राहते, त्यामुळे मीटरचा टप्पा तिथे आणखी महत्त्वाचा.

मग ठरवा की कामासाठी हाय व्होल्टेज खाली आणायचं आहे का. टायर, ब्रेक पॅड, वायपर यासाठी बहुधा नाही. केशरी केबल, तिचं ब्रॅकेट, एसी कॉम्प्रेसर, इन्व्हर्टर, त्याचा कूलंट, पॅकजवळ वेल्डिंग यातलं काहीही असेल तर हो.

गाडी आत घेण्यापूर्वी स्कॅनर लावून कोड उतरवून घ्या. पी०एए६ असेल तर इन्सुलेशन फॉल्ट आहे. म्हणजे बॉडीचा एखाद्या पोलशी संबंध आलेला असू शकतो, आणि मग त्या गाडीत नुसत्या बॉडीला हात टेकवून काम करणंही धोक्याचं. हा कोड काम झाल्यावर पाहून उपयोग नाही.

टप्पा २: जागा, माणसं, साहित्य

जागा कोरडी हवी. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमधून ठिबकणाऱ्या पाण्याखाली हे काम करू नका, दुसऱ्या दिवसावर ढकला. गाडीभोवती दोरी किंवा पट्टी बांधा आणि टपावर ‘हाय व्होल्टेज, हात लावू नये’ असा फलक ठेवा. मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा, हेल्पर कुठलाही असू शकतो. गाडीमालकाला आत येऊन डोकावू देऊ नका.

काम करणारा एक आणि बाहेर उभा राहून पाहणारा एक, अशी दोन माणसं लागतात. दुसऱ्यानं मोबाइल बघत बसायचं नाही.

साहित्यात सगळ्यात जास्त चुका हातमोज्यांत होतात. हार्डवेअरच्या दुकानातले काळे रबरी मोजे किंवा दवाखान्यातले निळे नायट्राइल मोजे यांचा इथे काहीही उपयोग नाही. क्लास ० चे इन्सुलेटिंग रबर ग्लोव्हज हवेत. मनगटाजवळ आयईसी ६०९०३ आणि क्लासचा छाप असतो. क्लास ० ची मर्यादा १००० व्होल्ट एसी, १५०० व्होल्ट डीसी. त्यावर चामड्याचे ग्लोव्हज घालायचे, कारण लगची (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडाची) धार रबर कापते. उलट नुसते चामड्याचे घालून काम करणं म्हणजे काहीच न घालण्यासारखं. वापरातल्या रबर ग्लोव्हजची लॅबमध्ये दर सहा महिन्यांनी टेस्ट करून घ्यायची. तारीख उलटली असेल तर ती जोडी बाजूला काढा.

ग्लोव्हज प्रत्येक वेळी घालण्यापूर्वी असे तपासा. मनगटाकडची कड धरून बोटांच्या दिशेनं गुंडाळत आणा, म्हणजे आत हवा कोंडते आणि बोटं फुगतात. फुगलेला ग्लोव्ह कानाजवळ धरा. कुठेही बारीक सूं असा आवाज आला, किंवा हवा गालाला लागली, तर ग्लोव्ह गेला. मग बोटांच्या बेचक्या ताणून बघा, भेगा तिथेच सुरू होतात. डाव्या आणि उजव्या दोन्हींचं हे करा. ऑइल, ग्रीस, पेट्रोल लागलेला ग्लोव्ह मऊ पडून फुगतो, तोही बाद. घडी घालून टूलबॉक्समध्ये पान्यांखाली कोंबू नका आणि उन्हात टांगू नका.

बाकीचं साहित्य: कॅट ३, १००० व्होल्ट लिहिलेला मल्टिमीटर आणि तेवढ्याच रेटिंगच्या लीड. मीटर चांगला आणि लीड फुटपाथवरच्या, हे चालत नाही. १००० व्होल्टचा छाप आणि दुहेरी त्रिकोण असलेले इन्सुलेटेड पाने. केबलटेप गुंडाळलेला पाना हा इन्सुलेटेड पाना नव्हे. चेहऱ्यासाठी आर्क फेस शील्ड, पायाखाली इन्सुलेटिंग मॅट, प्लग ठेवायला कुलूप लागणारा डबा, आणि माणूस ओढायला इन्सुलेटेड रेस्क्यू हुक.

अंगावरचं सगळं धातूचं काढा. अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, ताईत, आणि हो, कमरेचा चांदीचा करगोटासुद्धा, कारण इंजिन बेवर वाकलं की तो बाहेर येतो. खिशातलं स्टीलचं पेन आणि टायर गेजही बाहेर.

सावधान: खिशातला निऑन टेस्टर घरीच ठेवा. तो घरातल्या एसी लाइनवर लागतो, कारण तिथे तुमच्या अंगातून अर्थकडे बारीक करंट जातो. गाडीचं डीसी बॉडीपासून तुटक आहे. तिथे तीनशे व्होल्ट असले तरी टेस्टर पेटणार नाही, आणि ‘टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही’ असं समजून हात घातला जाईल.

टप्पा ३: शॉक लागला तर काय, हे आधी ठरवा

हे काम सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या माणसाला तोंडपाठ हवं, म्हणून इथे.

आपल्याकडे शॉक म्हटलं की सगळे मेन स्विचकडे धावतात. गाडीच्या पॅकवर शेडच्या एमसीबीचा काहीच परिणाम होत नाही. वीज गाडीतच साठलेली आहे. (चार्जर लावलेला असेल तर मेन बंद करा, पण मग पुढचंही करा.) चिकटलेल्या माणसाला उघड्या हातानं धरू नका. रेस्क्यू हुक मध्ये घालून एका झटक्यात ओढा. हुक नसेल तर पूर्ण कोरडं लाकूड किंवा ग्लोव्हज घातलेला हात.

ओढल्यावर १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाब सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. शिकलेला असाल तर ३० दाबांनंतर दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते, आणि त्वचेवर लहानसा डाग असला तरी आत भाजलेलं असू शकतं.

टप्पा ४: गाडी झोपवा

क्रम बदलू नका.

१. चार्जिंगची गन लावलेली असेल तर काढा. गाडी ‘रेडी’त (चालायला तयार) नसली तरी चार्जिंग सुरू असताना हाय व्होल्टेज जिवंत असतं.

२. गाडी पी मध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना लाकडी ठोकळे. लिफ्टवर घ्यायची असेल तर आत्ताच घ्या. बारा व्होल्ट गेल्यावर इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक सुटत नाही आणि गाडी हलवता येत नाही.

३. बॉनेट उघडा. काच खाली करा. डिकी उघडी ठेवा. कितीतरी गाड्यांत बारा व्होल्टची बॅटरी किंवा सर्व्हिस प्लग डिकीत असतो आणि डिकीचं लॉक बारा व्होल्टवर चालतं. डिकी बंद झाली की तासभर गेला समजा.

४. पॉवर बटण बंद करा. ‘रेडी’चा दिवा विझला, डिस्प्ले पूर्ण काळा झाला, हे स्वतः पाहा. हायब्रिडचं इंजिन बंद आहे म्हणून गाडी बंद आहे असं होत नाही. ‘रेडी’त असेल तर इंजिन कुठल्याही क्षणी आपोआप सुरू होतं. बेल्टजवळ हात घातलेल्या एसी मेकॅनिकला हे कळेपर्यंत उशीर होतो.

५. स्मार्ट की गाडीपासून लांब न्या. शेजारच्या टेबलावर नको, ऑफिसमध्ये किंवा रस्त्यापलीकडे, आणि कुलपात. मालकाकडची दुसरी किल्लीही मागून घ्या. मोबाइल ॲपवरून एसी सुरू होणारी गाडी असेल तर मालकाला सांगा की ॲपला हात लावायचा नाही.

६. आता बारा व्होल्टच्या बॅटरीचा मायनस काढा आणि टर्मिनलवर टेप लावा, म्हणजे तो परत जाऊन टेकणार नाही. काही गाड्या उभ्या असताना आपल्या मर्जीनं पॅकमधून बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करून घेतात. त्यासाठी कॉन्टॅक्टर आपोआप लागतात. नुसतं बटण बंद करून थांबू नका, ते याच कारणानं.

तपासा: दरवाजा उघडल्यावर आतला दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, पॉवर बटण दाबून डिस्प्ले जागा होत नाही. यातलं काही जरी झालं तर बारा व्होल्ट अजून कुठूनतरी येतंय.

एअरबॅगचाही वेळ इथेच सुरू होतो. मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं जाईपर्यंत स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड सोडा.

टप्पा ५: सर्व्हिस प्लग

ग्लोव्हज आणि फेस शील्ड या टप्प्याला चढवा. टप्पा ७ संपेपर्यंत ते उतरवायचे नाहीत.

बहुतेक प्लगचा दांडा दोन-तीन चालींत निघतो. आधी सरकवा, मग उचला, मग बाहेर ओढा. पहिल्या चालीतच इंटरलॉकचं लहान सर्किट तुटतं. हे इंटरलॉक म्हणजे सगळ्या केशरी कनेक्टरांतून फिरणारी बारीक लो व्होल्टेजची वायर. ती कुठेही तुटली की गाडी कॉन्टॅक्टर उघडते. पण प्लग हे स्विच म्हणून वापरायचं साधन नाही. गाडी चालू असताना तो ओढला तर आर्क होऊ शकतो.

प्लग निघाला की तो काम करणाऱ्यानं स्वतःच्या डब्यात ठेवून कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. सीटवर ठेवला तर जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ‘हे काय निघालंय’ म्हणून परत बसवतो. उघड्या सॉकेटवर इन्सुलेटिंग झाकण किंवा टेप लावा, वरून एखादा स्क्रू आत पडायला नको.

सावधान: प्लग काढल्यावर पॅक मेला, असं नाही. प्लग मधोमध असेल तर पॅकचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात जवळपास निम्मं व्होल्टेज तसंच राहतं.

टप्पा ६: थांबा

कपॅसिटर उतरायला वेळ लागतो. टोयोटाच्या हायब्रिडसाठी दहा मिनिटं, बाकीच्यांसाठी मॅन्युअल सांगेल ती वेळ. मोजणी प्लग काढल्यापासून करा, बारा व्होल्ट काढल्यापासून नाही. जॉबकार्डवर वेळ लिहा. ‘झाली असतील दहा’ या अंदाजानं माणसं चार मिनिटांत पाना लावतात.

या वेळात इन्व्हर्टरच्या झाकणाचे बोल्टही ढिले करू नका.

टप्पा ७: शून्य सिद्ध करा

सगळ्या लेखात हा टप्पा सावकाश वाचा.

आधी मीटर. काळी लीड कॉममध्ये, लाल लीड व्होल्टच्या भोकात. लाल लीड अँपिअरच्या भोकात राहिली असेल, तर मीटर हा सरळ शॉर्ट होतो आणि स्फोट हातात होतो. नॉब डीसी व्होल्टवर.

आता ज्ञात सोर्सवर मीटर तपासा. गाडीतून सुटी केलेली बारा व्होल्टची बॅटरी चालेल, तिच्या पोस्टवर १२ च्या आसपास वाचायला हवं. इथे एक चूक नेहमी होते. मीटर तपासायला भिंतीच्या सॉकेटमध्ये लीड घालतात, नॉब एसीवर नेतात, २३० दिसलं की खूश होतात आणि तसाच एसीवर असलेला मीटर इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलला लावतात. स्थिर डीसी एसी रेंजवर शून्य दिसतं. मीटर चांगला, लीड चांगल्या, वाचन चुकीचं. म्हणून ज्ञात सोर्स डीसीच घ्या आणि नंतर नॉबला हात लावू नका.

मग इन्व्हर्टरचं झाकण काढा. शक्यतो एक लीड क्लिपची वापरा, म्हणजे ती आधी लावून ठेवता येते आणि मोजताना एकच हात आत राहतो. तीन मोजण्या:

– प्लस ते मायनस
– प्लस ते बॉडी
– मायनस ते बॉडी

बॉडीसाठी रंग नसलेला, स्वच्छ धातूचा बोल्ट निवडा. रंगावर टेकवलेली लीड नेहमीच शून्य दाखवते. मोटरच्या तीन फेजवर काम असेल तर त्या आपसात आणि बॉडीशीही मोजा.

तिन्ही ठिकाणी शून्य आलं की परत बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावा आणि परत १२ दिसतंय ना पाहा. हे शेवटचं तपासणं बहुतेक जण गाळतात. मधल्या वेळात लीड आतून तुटली, मीटरचा सेल उतरला, तर तुम्ही वाचलेली तिन्ही शून्यं खोटी असतात.

शून्य आलं नाही तर? आकडा हळूहळू उतरत असेल तर झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं थांबा आणि सगळी मोजणी पहिल्यापासून करा. आकडा स्थिर असेल तर काहीतरी चिकटलंय किंवा कुठून तरी जोड आहे. झाकण लावा, गाडी बाजूला ठेवा, कंपनीच्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. स्क्रूड्रायव्हर टाकून किंवा बल्ब लावून कपॅसिटर ‘उतरवण्याचा’ प्रयोग कुणीही करू नये.

तपासा: जॉबकार्डवर तिन्ही आकडे, वेळ आणि मोजणाऱ्याची सही. पाहणाऱ्याचीही. सही झाली की ग्लोव्हज उतरवायला हरकत नाही, पॅकच्या टर्मिनलजवळ जायचं नसेल तर.

टप्पा ८: काम करताना

एसीवाल्यांनी हे नीट वाचावं. या गाड्यांचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, हाय व्होल्टेजच्या मोटरवर चालतो, आणि मोटरची वाइंडिंग कॉम्प्रेसरच्या ऑइलमध्येच असते. नेहमीच्या गाडीत जाणारं पॅग ऑइल वीज वाहून नेतं. म्हणून इथे पीओई ऑइल लागतं. डेन्सोच्या कॉम्प्रेसरला एनडी-११. पॅग थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन उतरतं, पी०एए६ येतो आणि गाडी ‘रेडी’त जात नाही. ग्राहक गॅस भरायला आला होता, निघताना कॉम्प्रेसर बदलायची वेळ आली. रोजच्या मशीनच्या पाइपांतच पॅग बसलेलं असतं, तेव्हा या गाड्यांना वेगळं मशीन किंवा नीट फ्लश केलेले पाइप. कुठलाही डाय किंवा लीक बंद करणारं औषध घालू नका.

डेंटर-पेंटरसाठी: पॅकजवळ वेल्डिंग किंवा ठोकाठोकी करायची तर पॅक काढायचा की नाही हे मॅन्युअल सांगतं. पेंट बूथमध्ये गाडी भाजण्याआधी पॅक किती तापमानाला किती वेळ सोसतो ते पाहा आणि त्या आतच राहा.

केशरी केबलला टेप लावून दुरुस्त करत नाहीत. चिरली, चेपली, उंदरानं कुरतडली, काही असो, पूर्ण केबल बदला. बॉनेटखाली प्रेशर वॉशर मारू नका.

टप्पा ९: इन्सुलेशन मोजा

केबल, कॉम्प्रेसर किंवा इन्व्हर्टर सुटा केला असेल तर जोडण्याआधी मेगर (मोठ्या व्होल्टेजवर इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावा. साध्या मीटरच्या ओमवर हे कळत नाही, कारण तो एक-दोन व्होल्टवर मोजतो आणि ओलावा त्या दाबाला उघडा पडत नाही. मेगर मॅन्युअल सांगेल त्या व्होल्टेजला, बऱ्याचदा ५०० व्होल्ट, आणि फक्त सुट्या केलेल्या भागावर, बॉडीशी. पॅकला मेगर कधीही नाही. चालू असताना त्याच्या टोकांना हात लावू नका, शॉक त्याचाही लागतो.

भारतातल्या चारचाकींसाठी एआयएस-०३८ चं किमान मोजमाप असं: डीसी बाजूला दर व्होल्टमागे १०० ओम, एसी बाजूला ५०० ओम. ३५० व्होल्टच्या गाडीत डीसीला ३५ किलोओम, एसी बाजूसह जोडलेलं असेल तर १७५ किलोओम. ही तळाची रेघ आहे. धडधाकट भाग मेगाओममध्ये वाचतो. मेगाओमवरून काही शे किलोओमवर आलेला भाग नियमात बसतो म्हणून बसवू नका, त्यात पाणी किंवा चुकीचं ऑइल आहे.

टप्पा १०: परत चालू करणं

पाने मोजा. हाय व्होल्टेजच्या लगचे बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलच्या आकड्याला. ढिला लग तापतो, आणि तो तापलेला कुणाला दिसत नाही. झाकणं, मग सगळे केशरी कनेक्टर ‘टक्’ होईपर्यंत, मग सर्व्हिस प्लग (ग्लोव्हज घालून), मग सगळ्यात शेवटी बारा व्होल्टचा मायनस. गाडीजवळ कुणी नाही हे मोठ्यानं विचारून घ्या, मग किल्ली आणा.

‘रेडी’ येत नाही आणि पी०ए०डी हा इंटरलॉकचा कोड दिसतो, तेव्हा बऱ्याचदा सर्व्हिस प्लगचा दांडा शेवटच्या चालीपर्यंत सरकवलेला नसतो, नाहीतर एखादं झाकण नीट बसलेलं नसतं. बारा व्होल्ट परत काढा, टप्पा ४ पासून जा, आणि शोधा. इंटरलॉकच्या दोन पिनांत वायरचा तुकडा घालून कोड घालवण्याची युक्ती कुणी सांगितली तर करू नका. त्यानंतर त्या गाडीचा उघडा कनेक्टरही जिवंत राहील, आणि तो पुढच्या गॅरेजमधल्या पोराच्या हाताला लागेल.

स्कूटर आणि ई-रिक्षा

४८ व्होल्टचे पॅक ६० च्या खाली राहतात, ७२ व्होल्टचे नाही. वीस सेल सिरीजमध्ये असलेला लिथियम-आयन पॅक पूर्ण चार्जला ८४ व्होल्टवर जातो. आणि व्होल्टेज कमी असलं तरी शॉर्ट झाल्यावरचा करंट कमी नसतो. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो वितळतो आणि ठिणग्या डोळ्यात जातात. चष्मा, इन्सुलेटेड पाने आणि डीसीवर मीटर, एवढं इथेही सोडू नका.

टो करून आणलेली, ठोकलेली, पुरात भिजलेली गाडी

कसारा घाटातून किंवा इगतपुरीहून गाडी आणायची तर फ्लॅटबेड मागवा. हुक लावून चालकचाकं रस्त्यावर फिरत आणली तर मोटरमधले चुंबक फिरतात आणि ती जनरेटरसारखी व्होल्टेज तयार करते, गियर न्यूट्रलला असला तरीही. चारही चाकं मोटरवर असतील तर चारही वर हवीत.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की गोदाघाटावर उभ्या राहिलेल्या गाड्या बुडतात. अशी इलेक्ट्रिक गाडी आली तर बटण दाबून बघू नका, चार्जिंग लावू नका, आणि पाणी उतरलं म्हणून सुकलीय असं समजू नका. पॅकमध्ये शिरलेला गाळ काही दिवसांनीही सेल शॉर्ट करतो. ठोकलेल्या आणि पॅक चेपलेल्या गाडीचंही हेच.

ती शेडमध्ये घेऊ नका. मोकळ्या मैदानात, भिंत आणि बाकीच्या गाड्यांपासून १५ मीटर लांब उभी करा, ताडपत्री घालू नका, आणि दिवसातून काही वेळा लांबून पाहा. फसफस आवाज, गोडसर वास, खालून पांढरा धूर, यातलं काहीही जाणवलं तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका, कारण त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं. १०१ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे. पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, सेल थंड करत नाही. त्याला पाणी लागतं, भरपूर आणि बराच वेळ, आणि ते फायर ब्रिगेडचं काम आहे.